करार सनीव्हेलचा, फाइल हेवर्डला

"ताई, डिव्होर्सचा कागद आहे गं माझ्याकडे, तू त्याची काळजी करू नकोस," असं माझी पुण्याची मावसबहीण गेल्या ऑक्टोबरात फोनवर म्हणाली आणि त्याच रात्री तिनं व्हॉट्सअ‍ॅपवर ११ पानांचे फोटो पाठवले. बारा-तेरा वर्षं गोदरेजच्या कपाटात, पॉलिसीच्या कागदांखाली जपून ठेवलेला गठ्ठा. पहिल्या पानावर ठळक इंग्रजी मथळा, प्रत्येक पानाच्या तळाशी दोघांची आद्याक्षरं, शेवटी कॅलिफोर्नियातल्या नोटरीचा शिक्का. मावशी-काकांसकट घरात सगळ्यांनी त्यालाच घटस्फोट मानलं होतं.

इथं कॅलिफोर्नियात मी पानं मोठी करून दोनदा वाचली. तो समझोत्याचा करार होता. गाडी कुणी ठेवायची, बँकेतले पैसे कसे वाटायचे, पोटगी कुणीच कुणाकडे मागायची नाही, हे सगळं त्यात व्यवस्थित लिहिलेलं होतं. कोर्टाचं नाव नव्हतं, केस नंबर नव्हता, न्यायाधीशाची सही नव्हती. लग्न संपलं असं एकाही वाक्यात म्हटलेलं नव्हतं. अर्ज कोर्टात असताना आम्ही दोघं असं असं ठरवतो, एवढंच.

तिला हे सांगताना माझा जीव कासावीस झाला. कारण तिनं लग्न ठरवलं होतं. पुण्यात, विशेष विवाह कायद्याखाली, नोंदणी पद्धतीनं. १९५४ च्या त्या कायद्याची पहिलीच अट अशी की लग्नाच्या वेळी दोघांपैकी कुणाचाही जोडीदार हयात नसावा. आधीचं लग्न झालेलं असेल तर ते कायद्यानं संपल्याचा पुरावा लागतो. नोटीस दिल्यावर पुढे ३० दिवस थांबायचं असतं. म्हणजे नोटिशीच्या आधी हुकूमनामा, अर्थात कोर्टाचं घटस्फोटाचं निकालपत्र, हातात हवा.

हे प्रकरण तिच्या परवानगीनं लिहिते आहे. तिची ओळख पटेल असं काही दिलेलं नाही. अमेरिकेत लग्न मोडून भारतात परतलेल्या अनेक मुलींच्या कपाटात असाच एखादा चुकीचा कागद पडून असणार, अशी माझी खात्री झाली आहे, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

खरंच घटस्फोट झाला होता का?

पहिली भीती हीच होती. कॅलिफोर्नियात घटस्फोटाला किमान ६ महिने लागतात. समोरच्याला कागद मिळाल्यापासून किंवा त्यानं कोर्टात हजेरी लावल्यापासून ते मोजतात. खूप लोकांचा असा समज असतो की ६ महिने उलटले की घटस्फोट आपोआप होतो. तसं होत नाही. पुढचे फॉर्म कुणीतरी भरावे लागतात आणि न्यायाधीशानं निकालपत्रावर सही करावी लागते. ते झालं नाही तर केस नुसती पडून राहते आणि कायद्याच्या नजरेत दोघं नवरा-बायकोच असतात. वकील न लावता स्वतःच फॉर्म भरणाऱ्यांचं काम अनेकदा तिथंच अडकतं. या दोघांनीही वकील लावला नव्हता, कागद तयार करून देणाऱ्या एका माणसाकडून सगळं केलं होतं. तो माणूस आता सापडत नव्हता. पूर्वीच्या नवऱ्याशी संपर्क ठेवायची तिची इच्छा नव्हती, आणि मला ती पूर्णपणे मान्य होती.

माझ्याकडे येण्याआधी तिनं एक गोष्ट केली होती. इंटरनेटवर "कॅलिफोर्निया डिव्होर्स सर्टिफिकेट" शोधून एका खासगी संकेतस्थळाला पैसे भरले होते. तिथून दोन पानांचा एक अहवाल आला, त्यात तिचा जुना पत्ता आणि बाकी काहीच नाही. ते पैसे गेले. कॅलिफोर्नियाचं राज्य सरकार असं प्रमाणपत्र फक्त १९६२ ते जून १९८४ एवढ्या काळातल्या घटस्फोटांसाठी देतं. त्यानंतरचं काहीही हवं असेल तर ते ज्या काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) केस दाखल झाली तिथल्या सुपिरिअर कोर्टातच मिळतं. राज्यात ५८ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचं कोर्ट वेगळं.

तेव्हा प्रश्न एवढाच उरला: कुठली काउंटी?

चुकीच्या काउंटीत

दोघं राहायचे सनीव्हेलला. सनीव्हेल सांता क्लारा काउंटीत येतं, तिचं फॅमिली कोर्ट सॅन होजेला. शिवाय करारावरच्या नोटरीच्या मजकुरात वरती छापलेलं होतं, "स्टेट ऑफ कॅलिफोर्निया, काउंटी ऑफ सांता क्लारा". मला वाटलं, झालं काम. मी त्या कोर्टाच्या संकेतस्थळावर नावानं शोध घेतला. तिच्या माहेरच्या नावानं, सासरच्या नावानं, त्याच्या नावानं. काही नाही.

मग स्पेलिंगचे खेळ सुरू केले. आपल्या नावांचं तिथल्या नोंदवहीत काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून बसतं, कधी ते पहिल्या नावाला चिकटतं, कधी आडनावाच्या जागी जातं. "व" साठी कुणी व्ही लिहितो, कुणी डब्ल्यू. जोशीच्या शेवटी कुणी आय लावतं, कुणी डबल ई. मी आडनावाची पहिली चार अक्षरं टाकून सगळी यादी चाळली. तरी नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण आता दोनच शक्यता दिसत होत्या: केस दाखलच झाली नव्हती, किंवा मी चुकीच्या ठिकाणी शोधत होते.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन करून वेगळाच प्रश्न विचारला. डिव्होर्स कुठं झाला हे विचारलंच नाही. "तू पुण्याला परत आल्यावर तो कुठं राहायला गेला?"

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यानं ते घर सोडलं होतं ना. फ्रीमाँटला गेला होता, मित्राबरोबर रूम शेअर करून."

फ्रीमाँट! फ्रीमाँट अलामेडा काउंटीत आहे. मिलपिटास सोडून उत्तरेला निघालं की काही मिनिटांत काउंटी बदलते, रस्त्यावर बसलेल्या माणसाला जाणवतही नाही. फ्रीमाँटला राहून रोज सांता क्लारात कामाला जाणारी आपली कितीतरी मंडळी आहेत. त्यानं कराराची नोटरी ऑफिसजवळ, बहुधा जेवणाच्या सुट्टीत केली होती. नोटरीच्या मजकुरातली काउंटी सही कुठं झाली ते सांगते. केस कुठं आहे याच्याशी तिचा काही संबंध नसतो. मी त्या एका ओळीवर विसंबून चार दिवस घालवले होते.

कॅलिफोर्नियात अर्ज करताना नवरा-बायकोपैकी किमान एक जण राज्यात ६ महिने आणि त्या काउंटीत ३ महिने राहिलेला असावा लागतो. लग्न कुठं लागलं, संसार कुठं झाला, याला महत्त्व नाही. म्हणून ज्यानं अर्ज केला तो अर्जाच्या दिवसाआधीचे ३ महिने कुठं राहत होता, हा प्रश्न विचारायचा. भाडेकरार, विजेचं बिल, त्या वर्षीचं टॅक्स रिटर्न, जुन्या कुरिअरच्या पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता, यातलं काहीही चालतं. तिच्याकडे २०११ चं एक पाकीट खरंच निघालं. त्यावर फ्रीमाँटचा पत्ता होता.

हेवर्ड

अलामेडा काउंटीचं मुख्य कोर्ट ओकलंडला आहे, लेक मेरिटच्या काठाला. तिथं जाऊ नका. निदान मी ज्या कामासाठी गेले त्यासाठी तरी फॅमिली विभाग हेवर्डच्या हॉल ऑफ जस्टिसमध्ये आहे, अमाडोर स्ट्रीटवर. मी मंगळवारी सकाळी सुट्टी काढून गेले. दारात विमानतळासारखी तपासणी, मग खिडक्यांसमोर रांग. बाजूला लोकांसाठी ठेवलेले संगणक.

इथं एक गोष्ट आपल्या माणसाला नवी वाटेल. आपल्याकडे कौटुंबिक न्यायालयातली नक्कल पक्षकारानं किंवा त्याच्या वकिलानं अर्ज करून काढायची असते. कॅलिफोर्नियात घटस्फोटाची फाइल साधारणपणे सार्वजनिक असते. कोर्टानं सीलबंद केलेले किंवा कायद्यानं गोपनीय ठरवलेले कागद सोडले, तर कुणीही जाऊन पाहू शकतो आणि प्रत मागू शकतो. माझ्याकडे बहिणीचं अधिकारपत्र होतं, नोटरी केलेलं. कुणी मागितलंच नाही. मात्र घरबसल्या इंटरनेटवर परक्या माणसाला फॅमिली केसमधले प्रत्यक्ष कागद उघडता येत नाहीत. राज्याच्या कोर्ट-नियमांनीच ते बंद ठेवलं आहे. बाहेरून फार तर केस नंबर, नावं आणि काय कधी दाखल झालं त्याची यादी दिसते. कागद पाहायचे तर कोर्टात जावं लागतं. मला ही विभागणी योग्य वाटते. गरज असलेल्याला दार उघडं आहे, आणि कुणाच्या संसाराची चिरफाड शेजाऱ्याला मोबाइलवर वाचता येत नाही.

त्याचं आडनाव टाकलं आणि तिसऱ्या ओळीवर दोघांची नावं आली. तो अर्जदार, ती जाबदार. तिचं नाव पासपोर्टप्रमाणे माहेरचं, मधल्या नावात वडिलांचं नाव, स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. नंबर "एचएफ११" नं सुरू होणारा: एच म्हणजे हेवर्ड, एफ म्हणजे फॅमिली, ११ म्हणजे २०११ साल.

मग नोंदींची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. अर्ज. समन्स. तिला कागद मिळाल्याची पोच. तिच्या सहीचं हजेरीपत्र. करार. आणि शेवटून दुसरी नोंद, निकालपत्र दाखल, जानेवारी २०१२. त्याखाली निकाल नोंदल्याची सूचना दोघांना टपालानं पाठवल्याची नोंद. ती सूचना पुण्याला कधी पोचलीच नसावी. मी तिथूनच तिला मेसेज केला, "झालाय गं. रीतसर झालाय." पुण्यात रात्रीचे साडेदहा वाजले होते. तिनं लगेच फोन केला, पण कोर्टात बोलता येत नव्हतं, म्हणून मी बाहेर पायऱ्यांवर जाऊन उचलला. ती नुसती रडत होती.

नेमकं काय मागायचं

हा भाग मी पुण्याच्या वकीलबाईंशी आधी बोलून ठरवला होता, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. खिडकीवर जाऊन "डिव्होर्स डिक्री द्या" म्हटलं तर दोन पानांचा फॉर्म मिळू शकतो, एफएल-१८०. त्यावर न्यायाधीशाची सही असते, पण वाटणीबद्दल आणि बाकी अटींबद्दल फक्त "सोबत जोडल्याप्रमाणे" असं लिहिलेलं असतं. म्हणून निकालपत्र सगळ्या जोडपत्रांसह मागायचं, आणि प्रमाणित प्रत मागायची. साधी झेरॉक्स स्वस्त पडते, पण आपल्या कामाला ती निरुपयोगी.

याला भारतातला एक जुना दाखला आहे. वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी, सर्वोच्च न्यायालय, १९९१. लग्न तिरुपतीला झालेलं, नवऱ्यानं मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस काउंटीच्या कोर्टातून घटस्फोट मिळवला आणि भारतात दुसरं लग्न केलं. पहिल्या बायकोनं द्विभार्येचा खटला भरला. नवऱ्यानं पुढे केलेल्या निकालाच्या फोटोकॉपीवर तिथल्या कोर्टाच्या क्लार्कचा दाखला होता, पण अमेरिकेतल्या भारत सरकारच्या प्रतिनिधीचा नव्हता, आणि तेवढ्यावर भागत नाही असं न्यायालयानं सांगितलं; परदेशी निकाल पुराव्यात घ्यायला त्याची रीतसर प्रमाणित प्रत लागते. पण त्या निकालाचं खरं वजन पुढच्या भागात आहे. परदेशी कोर्टाचा घटस्फोट भारतात कधी मानायचा, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ च्या आधारे न्यायालयानं ठरवून दिलं. ज्या कायद्याखाली लग्न झालं त्यातलं कारण आणि अधिकारक्षेत्र असावं, हा मुख्य नियम. त्याला काही अपवाद आहेत. त्यातला एक म्हणजे, समोरच्या पक्षानं घटस्फोटाला संमती दिली असेल तर.

आमच्या प्रकरणात हाच मुद्दा होता. कॅलिफोर्नियात घटस्फोटाचं नेहमीचं कारण "न मिटणारे मतभेद" असं असतं, आणि तिचं पहिलं लग्न ज्या कायद्याखालचं, त्या हिंदू विवाह कायद्यात ते कारण नाही. मग आधार उरतो संमतीचा. तिनं २०११ मध्ये पुण्याहून सही करून पाठवलेलं हजेरीपत्र, फॉर्म एफएल-१३०, हेच तिच्या संमतीचं लेखी रूप होतं. वकीलबाईंनी बजावून सांगितलं होतं, "निकालपत्राबरोबर तो कागद आणा, नाहीतर पुन्हा खेप होईल." म्हणून मी दोन्ही मागितले, प्रत्येकी दोन प्रती.

घटस्फोटाच्या निकालपत्राच्या प्रमाणित प्रतीला १५ डॉलर पडले, इतर कागद प्रमाणित करायला ४० डॉलर, आणि शिवाय झेरॉक्सचे पानामागे ५० सेंट. केस नंबर माहीत नसेल आणि शोधायला कर्मचाऱ्याला १० मिनिटांहून जास्त वेळ लागला तर शोधाचे १५ डॉलर वेगळे. ज्यांना जाता येत नाही त्यांनी टपालानं मागवावं: केस नंबर, दोघांची नावं, कुठला कागद, किती प्रती, आणि आपला पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. पानं किती निघतील ते आधी कळत नाही, म्हणून चेकवर रक्कम कोरी ठेवून "अमुक डॉलरपेक्षा जास्त नाही" असं लिहायची तिथं रीत आहे. भारतातल्या बँकेचा चेक चालत नाही, तेव्हा अमेरिकेतल्या कुणा नातेवाइकाचा लागतोच.

खिडकीवरच्या क्लार्कबाईंनी गठ्ठा परत केला तेव्हा मी तिथंच उभं राहून पानं मोजली. शेवटच्या पानावर "मूळ कागदाबरहुकूम" असा मजकूर, त्याखाली त्यांची सही, तारीख आणि बोटाला लागणारा उठावाचा शिक्का. चारही गठ्ठ्यांवर एकाच व्यक्तीची सही असावी अशी विनंती मी मुद्दाम केली होती. त्याचं कारण लगेच सांगते.

निकालपत्राच्या पहिल्या पानावर दोन वेगवेगळ्या तारखा होत्या. निकाल दाखल झाल्याची जानेवारी २०१२ मधली, आणि "वैवाहिक दर्जा संपण्याची तारीख" फेब्रुवारी २०१२ मधली. ६ महिने पूर्ण होण्याआधी न्यायाधीश सही करू शकतात, पण लग्न त्या नंतरच्या तारखेलाच संपतं. पुण्यातल्या अर्जात "घटस्फोटाची तारीख" या रकान्यात ही दुसरी तारीख जाते. कुणी या दोन तारखांच्या मधल्या आठवड्यांत दुसरं लग्न केलं असेल तर केवढा घोळ होईल, विचार करा.

सॅक्रामेंटो आणि पुणे

अपोस्टिल म्हणजे कागदावर सही करणारा अधिकारी खरा आहे याचा दाखला. मजकूर बरोबर आहे की नाही याबद्दल तो काही बोलत नाही. एका देशाचा असा दाखला दुसऱ्या देशात चालावा यासाठी एक आंतरराष्ट्रीय करार आहे; भारत २००५ पासून त्यात आहे, त्यामुळे आता दूतावासाच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या कागदाला अपोस्टिल सॅक्रामेंटोला सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात मिळतं, दर कागदाला २० डॉलर. टपालानं वेळ लागतो. मी स्वतः गेले. समक्ष काम करून घ्यायचं तर प्रत्येक वेगळ्या अधिकाऱ्याच्या सहीमागे ६ डॉलर जादा पडतात. माझ्या सगळ्या कागदांवर एकच सही असल्यानं ते एकदाच भरावे लागले. अपोस्टिलचं पान कागदाला टाचून देतात. ते टाचण झेरॉक्स काढायला किंवा स्कॅन करायलासुद्धा उघडायचं नाही. मी तिला पाकिटावर लाल पेननं तसं लिहून पाठवलं.

हे सगळं कॅलिफोर्नियाचं झालं. टेक्सासात हुकूमनामा काउंटीच्या डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे असतो. राज्याच्या आरोग्य खात्याकडून १९६८ नंतरच्या घटस्फोटांबद्दल नुसतं पडताळणीचं पत्र मिळतं, ते हुकूमनाम्याच्या जागी चालत नाही. न्यूयॉर्कमध्ये तर फाइल सार्वजनिक नसतेच. तिथं फक्त पक्षकार किंवा त्यांचा वकील ती मागू शकतो, म्हणून माझ्यासारख्या बहिणीनं खिडकीवर जाऊन भागणार नाही, अधिकारपत्र आधीच नीट करून घ्यावं लागेल.

पुण्यात वकीलबाईंनी दोन्ही कागद वाचले. त्यांना हजेरीपत्रावरची तिची सही आणि पासपोर्टवरची सही जुळवून पाहायची होती, ती जुळली. नावातलं ते एक गळालेलं अक्षर मात्र अडलं; त्यासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. विवाह अधिकाऱ्यांनी नोटीस घेतली. ३० दिवसांत हरकत आली नाही.

लग्नाच्या आदल्या रात्री तिनं मला फोन केला आणि म्हणाली, "ताई, ती ओळ मला मराठीत सांग ना, नीट." कुठली ते विचारायची गरज नव्हती. एफएल-१८० च्या चौथ्या कलमातली. मी माझ्याकडची प्रत उघडून वाचली: "विवाहाचा दर्जा संपुष्टात आणला जात आहे आणि दोन्ही पक्षांना पुन्हा अविवाहित व्यक्तीचा दर्जा दिला जात आहे." तिनं मला ती दोनदा वाचायला लावली.

पासपोर्टवर पती म्हणून अजून त्याचंच नाव आहे. ते काढायचं काम तिनं आता हाती घेतलंय, आणि अपोस्टिल केलेल्या प्रतींचा दुसरा संच त्यासाठी बाजूला ठेवलाय.